ज्वालेची पेशी

मोहिते सर आमच्याकडे पोहे खायला येतात तेव्हा स्वतःची कोथिंबीर घेऊन येतात. शर्टाच्या खिशातून स्टीलची डबी निघते, डबीतून उकळून काळपट झालेला चोथा निघतो, आणि तो ते माझ्या पोह्यांवर पसरतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला रागच आला. मी कोथिंबीर तीन पाण्यांतून धुते, आणि तसं त्यांना सांगितलंही. सर म्हणाले, "वहिनी, तुम्ही धुतलीत यात मला शंका नाही. ती धुतली गेली का, यात आहे."

शंका हा सरांचा मुख्य आहार. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत, आमच्याच डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये ते भाड्याने आले, त्याला फार दिवस झाले नाहीत. पण तेवढ्यात त्यांना पाण्याच्या टाकीची शंका आली, लिफ्टच्या बटणाची आली (ते किल्लीने दाबतात), आणि पेपरवाला कालचाच पेपर घडी मोडून देतो अशीही आली. लग्नात गेले की कोशिंबिरीच्या टेबलाशी उभे राहतात आणि येणाऱ्याला हळूच सांगतात, "कोबी राहू द्या." मुलीकडच्यांना वाटतं हा मुलाकडचा माणूस, मुलाकडच्यांना वाटतं केटररचा. कोबी मात्र उरतो.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. सर जंतांमध्ये आहेत. ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचा विषय पट्टकृमी, म्हणजे माणसाच्या आतड्यात रिबिनीसारखा लांब वाढतो तो. त्याच्या अंगातल्या एकेका पेशीचे ते मोठ्या यंत्राखाली फोटो पाडतात. (बडोद्यात आम्ही फोटो पाडतो. पुण्याची माणसं काढतात आणि आम्हाला हसतात.) "त्याला तोंड नाही, वहिनी. पोट नाही. कातडीनंच जेवतो," हे ते माझ्या उपम्याचा घास घेत सांगतात. मग आमचे हे ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतात.

आता एवढ्या संशयी माणसाला आपल्या फोटोंचीही काळजी असणारच. दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेतली माणसं आपलं काम पळवतील अशी त्यांची खात्री आहे. म्हणून कामाचं बोलणं ते फोनवर शुद्ध मराठीत करतात. "इंग्रजीत बोललं की सगळ्यांना कळतं," ते मला म्हणाले. "गुजराती तर भिंतींनाही येते." त्यांच्या विभागात एक मराठी बाई आहेत, त्यांच्याशी हे गुप्त संभाषण चालतं. आणि नेटवर्क चांगलं मिळतं म्हणून ते चालतं गेटपाशी, वॉचमनच्या खुर्चीच्या मागे.

वॉचमन रामदुलारे उत्तर प्रदेशचा. इतकी वर्षं बडोद्यात राहून त्याला अर्धं मराठी कळतं, आणि घोटाळा करायला अर्धंच पुरतं. एका सकाळी त्याने ऐकलं ते असं : "ज्वालापेशी मिळाली एकदाची. आता मंगळवारी कापायची. काचेची सुरी तयार ठेवा. फोटो पाडून झाले की कुणाला दाखवू नका."

मराठीत पेशी म्हणजे सेल. गुजरातीत तिला कोष म्हणतात. रामदुलारेच्या हिंदीत पेशी म्हणजे कोर्टात उभं राहणं.

दुपारपर्यंत सोसायटीत पक्कं झालं की मोहिते साहेबांवर ज्वाला नावाच्या बाईची केस आहे, मंगळवारी तिची पेशी आहे, तिचे फोटो यांच्याकडे आहेत, आणि सुरीचं काय ते देवालाच ठाऊक. सेक्रेटरी हसमुखभाई तर म्हणाले, "मने तो पहेलेथी शंका हती." ही शंका त्यांना त्याच दुपारी आली होती, पण असो.

मी हसले असते. पण खरं सांगायचं तर शंकेचा जंत माझ्याही पोटात गेला होता. सर एकटे राहतात असं म्हणतात, आणि दुपारी ते विद्यापीठात असताना वरून पावलं वाजतात. एकदा गुणगुणणंही ऐकलं होतं, बाईचं. वर जाऊन बेल वाजवली तर पावलं थांबली आणि दार उघडलं नाही. मी ते कुणाला बोलले नव्हते. फक्त शेजारच्या जिग्नाबेनला बोलले होते, म्हणजे एकूण सगळ्यांनाच.

मंगळवार होऊन गेला आणि रविवारी कमिटी बसली. सरांना फ्लॅट खाली करायला सांगायचं जवळजवळ ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, एकदा विचारून तरी घ्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, तमे मराठी छो. तमे ज पूछी आवो ने. अने घरमां कोण छे, ए बराबर जोई लेजो."

विचारून यायचं आणि घरात कोण आहे ते नीट बघायचं, एवढं घेऊन मी वर गेले. दार साखळीपुरतं उघडलं.

"कुणी पाठवलं?" सरांनी विचारलं.

"कमिटीने. सर, ही ज्वाला कोण?"

त्यांना आधी काही समजेना. मी रामदुलारेचं सगळं सांगितलं तेव्हा मात्र ते हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, चेहऱ्याला सवय नव्हती ते कळत होतं. साखळी निघाली. बाहेरच्या खोलीत त्यांनी मला एक काळा-पांढरा फोटो दाखवला. गोल कडं आणि त्याच्या आत ठिपक्यांच्या नेटक्या ओळी, दारात रांगोळी काढायला घेतात तशा.

"ही ज्वाला," ते म्हणाले. "जंताच्या अंगातलं घाण पाणी उपसून बाहेर टाकणारी पेशी. हे ठिपके म्हणजे बारीक केस आहेत. जिवंतपणी ज्योतीसारखे हलतात, म्हणून हे नाव. काचेच्या सुरीनं पातळ काप घेतला की असे दिसतात. सुंदर आहे हो, वहिनी. मला तिचा राग यायला हवा, पण येत नाही."

राग का यायला हवा, ते मी विचारणार, तेवढ्यात आत भांडं पडलं.

सर धावले, मीही मागोमाग गेले. स्वयंपाकघरात जमिनीवर एक बाई पडली होती. पन्नाशीची, साधी साडी, सरांसारखंच नाक. हातपाय झटके देत होते. माझ्या तोंडून निघालं, "कांदा आणू? चप्पल?" सरांनी नुसती मान हलवली. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा हात घातला, तोंडावर आलेले केस मागे सारले आणि बसून राहिले. किल्लीने लिफ्टचं बटण दाबणारा हा माणूस तिच्या तोंडाचा फेस आपल्या शर्टाच्या बाहीने पुसत होता.

झटके थांबले. तिने डोळे उघडायच्या आत सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराआड सरकले.

"दादा," बाई म्हणाली. जीभ अजून जड होती. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही, शालू. आपण दोघंच आहोत."

पुरावा नसेल तर पेपरची तारीखही न मानणारा माणूस इतक्या सहज खोटं बोलला. दाराआड मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

तिला झोपवून ते बाहेर जिन्यात आले आणि दबक्या आवाजात बोलले. शालू धाकटी बहीण. सासरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून वर्षानुवर्षं अंगारे लावले आणि शेवटी परत पाठवली. सरांनी डोक्याचा फोटो पाडून घेतला. त्यात मेंदूत गाठी होत्या, आणि गाठीत कोण बसलंय हे सांगायला त्यांना डॉक्टर लागला नाही. कुठल्यातरी न शिजवलेल्या पानावरून, कुणाच्यातरी न धुतलेल्या हातावरून त्याच पट्टकृमीची अंडी पोटात गेली असतील. आता औषधानं पुष्कळ कमी आहे, ते म्हणाले. पण आधी शहराच्या वासणा भागात राहत होते तेव्हा एकदा तिला जिन्यात फिट आली. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की बायका मुलांना आत ओढायच्या. म्हणून ते इकडे आले, आणि कुणाला सांगणार नाही असं तिला वचन दिलं.

"इथूनही जावं लागलं तर ती कुठल्याच घराबाहेर पडणार नाही," ते म्हणाले. आणखी काही मागितलं नाही. मी खाली उतरले.

कमिटी चहा पीत थांबली होती. पेशी म्हणजे कोष हे मी सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग रामदुलारेला बोलावून सगळे पोट धरून हसले. हसमुखभाई मात्र हसून झाल्यावर पुन्हा माझ्याकडे वळले.

"ते बधुं ठीक, बेन. पण घरमां कोई बाई छे?"

"आहे ना. सख्खी बहीण आहे, शालूताई. भावाकडे राहायला आलीये."

"तो बहार केम नथी नीकळती? तबियत-बबियत?"

"तबियत एकदम सारी, ठणठणीत," मी म्हणाले. "मी आत्ता बघून आले. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर बाजारात येणार आहे."

आणि घरी जाऊन मी विचार करत बसले, की उद्या संध्याकाळी वर जाऊन तिला काय म्हणायचं.