खिडकीखालचा वाफा

मरियाला अंथरुणातून चार फुलं दिसावीत एवढ्याच भल्या हेतूने शमुवेल मास्तरांनी सावेडीतल्या आपल्या बंगल्याच्या खिडकीखाली वाफा बांधला, आणि तिथेच घात झाला. बायकोचं हृदय पार थकलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला आता दोनच गोष्टी हव्या होत्या: डोळ्यांसमोर फुलं आणि मिरजगावचा धाकटा भाऊ स्टीफन. भावाला मास्तरांनी फोन करकरून पाहिलं. तो आधी कांदा लावत होता, मग खुरपत होता, मग काढत होता. राहिली फुलं.

मास्तरांनी खिडकीएवढा लांब, गुडघाभर उंच वाफा विटांनी रचला, विटांना बाहेरून चुना फासला. झिनिया आणि तेरड्याचं बी टाकलं. ही जात टाकली की उगवते. चिमण्यांनी बी टिपू नये म्हणून एका टोकाला बुजगावण्यासाठी दोन काठ्या उभ्या-आडव्या बांधून रोवल्या. बुजगावण्याचा सदरा तेवढा वाळायचा होता. इतक्यात हाताचा चुना डोळ्यात गेला आणि मास्तर वाफ्याशेजारीच बसून डोळे पुसू लागले.

समोरच्या लंकाबाईंनी गच्चीवरून पाहिलं. पांढराशुभ्र, माणसाएवढा लांब ओटा, टोकाला क्रूस, शेजारी रडणारा नवरा. ख्रिस्ती माणसाचं घर, त्यात बाई कधीची आजारी. त्यांना दुसरं काय सुचणार? विचारायला जावं तर जखमेवर मीठ. लंकाबाईंचं माहेर मिरजगावचंच. त्यांनी तिकडे फोन लावला.

दुपारी दारात टेम्पो थांबला. काढलेला कांदा तसाच टाकून स्टीफन सगळी भावकी घेऊन आला होता. त्याने थेट वाफ्यावर अंग टाकलं.

"दाजी, मातीला बी बोलावलं न्हाई आमाला. आन् दारातच पुरली व्हय माझी बहीण?"

मास्तरांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांना पहिली काळजी आतली वाटली. हा आकांत ऐकून मरियाचं काळीज थांबलं तर? ते आत धावले. मरिया उशीला टेकून निवांत ऐकत होती. अक्कानं मला कडेवर वागवून वाढवलं, आपल्या तोंडचा घास दिला, असं बाहेर भाऊ सांगत होता.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "इतकं चांगलं तो मला कधी बोलला नव्हता."

पण तिला हसू आवरेना, आणि ते बाहेर ऐकू गेलं. भावकी खिडकीशी गोळा झाली. मेलेली बहीण जिवंत सापडल्यावर माणसाने खरं तर नाचावं. स्टीफनला मात्र चारचौघांत फजिती झाल्याचा संताप आला. बहिणीजवळ घटकाभरही न टेकता, चहासुद्धा न घेता तो टेम्पोत जाऊन बसला.

वाफा तेवढा तरारला. झिनिया फुलली त्याच आठवड्यात मरियाला श्वास पुरेना. फुलांकडे बघून छान आहेत म्हणाली, मग तिने मास्तरांचा हात धरला.

"त्याला सांगा, मी गेले. त्याशिवाय यायचा नाही तो."

खोटं बोललं म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारलेल्या मास्तरांनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. मरिया गेली, एवढं सांगताना ते खरोखरच रडले.

"दाजी," स्टीफन म्हणाला, "एका बहिणीसाठी किती येळा रडायचं आमी?" आणि त्याने फोन ठेवला.

मास्तर आत आले. "निघालाय," म्हणाले.

मरियाला हायसं वाटलं. तिने केस विंचरून मागितले.