नाव पुरं लिव वं!

गोतमारेसाहेबांच्या डब्यावर रोज एक चिठ्ठी चिकटवलेली असते : ‘पोळ्या, नग तीन. वांग्याची भाजी, मिरची भिवापुरी.’ साहेब शहराच्या टोकाला, बेसा भागात एकटेच राहतात. डबा भरणारे तेच, खाणारेही तेच. तरी चिठ्ठी रोज नवी.

“उघडल्यावर दिसतंच की, साहेब,” मी एकदा म्हटलं.

“उघडाच्या आंधी समजलं पाह्यजे.”

नागपूरच्या आमच्या कार्यालयात जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी जमा होते. ती एका ठरलेल्या साच्याच्या फाइलीत भरायची, म्हणजे कुठल्याही देशातल्या संगणकाला वाचता येते. आकडे मी भरते. त्यांच्यावरची नावं साहेबांकडे. काय मोजलं, मीटरमध्ये की फुटात, कोणत्या विहिरीत. मी नुसतं ‘पातळी’ लिहिलं की ते खुर्चीसकट सरकत येतात. “कायची पातळी? काठापासून का जमिनीपासून? नाव पुरं लिव वं!”

मागच्या वर्षी वरून नवा साचा आला. त्यात विहिरीच्या नावाला सोळाच घरं. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, काना-वेलांटीला आणखी तीन. ‘भिवापूर’चं झालं ‘भिवाप’, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

“नावं सोडा, नुसते क्रमांक टाकू,” मी म्हटलं. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी वर पत्रांमागून पत्रं धाडली, फोन केले. “अर्धं नाव लिवनं म्हंजे गावाले हाक मारून मधातच तोंड फिरवनं हाय,” असं थेट मोठ्या साहेबांना सुनावलं. शेवटी वरच्यांनी कंटाळून नावाला लागतील तेवढी घरं देऊन टाकली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कोथिंबीर भरलेली सांबारवडी मिळाली. चिठ्ठीसकट.

मग नावं तपासायला मी नरखेड तालुक्यात गेले. संत्र्याच्या एका बागेतल्या विहिरीचं नाव आमच्या यादीत होतं ‘शेवंताबाई ढोके यांची विहीर’. बागवाला हसायलाच लागला. “हे तं चिंचेची विहीर हाय, मॅडम. शेवंताबाईची काहून असन? ते बाई तं विहिरीत पट्टी सोडून पानी मोजे.”

साहेबांनी दिलेलं नाव चुकलं! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी यादी घेऊन मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चिंचेचीच हाय,” ते म्हणाले. “पन या साच्यात विहिरीले जागा हाय, पट्टीले हाय. मोजनारीले कुठी हाय? अकरा वर्सं दर महिन्याले फोन करे. आकडा सांगून झाला का इचारे, साहेब, जेवले का?”

“आता कुठे असतात त्या?”

“तीन महिने रकाना रिकामा आला,” साहेब म्हणाले, “तवा मले समजलं, बाई गेली.”

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि जुनं नाव पुसून लिहिलं : ‘चिंचेची विहीर. पाणी मोजणाऱ्या : शेवंताबाई ढोके.’

साहेबांनी ते एकदा मोठ्यानं वाचलं. काहीच दुरुस्त केलं नाही.