साखरपुड्यात फायनल

क्रांतीच्या साखरपुड्याला मुलाकडची मंडळी रेवदंड्याहून आली. चहा झाला आणि मुलाचे वडील रावजी सहज बोलून गेले, "आमची वळख बुद्धिबळातलीच. स्पर्धेच्या फायनलला यांना हरवलं ना मी."

धर्माजीला ठसका लागला. वधूपिता झाला म्हणून माणसाने किती सोसायचं? महिनाभर तो तोच डाव झोपेतही खेळत होता आणि आपण जिंकायची चाल कुठे सोडली, ते त्याला परवाच सापडलं होतं.

"व्याही, तो डाव माझा व्हता," तो म्हणाला. "दाखवू?"

पट नव्हता. पण खाली काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या आणि समोर ओटीचं ताट. सुपाऱ्यांची प्यादी, हळकुंडांचे घोडे, खारकांचे हत्ती, बदामांचे उंट, पेढ्यांचे वजीर झाले. राजांच्या जागी दोघांनी आपापले मोबाइल ठेवले.

डाव रंगला. रावजी मारलेला मोहरा उचलून सरळ तोंडात टाकत. भटजींनी ओटी मागितली तेव्हा ताटात फक्त कुंकू होतं. मुहूर्त टळत चालला.

"हितं मी प्यादं ढकललं, ती चूक," धर्माजी गुडघ्यांवर येऊन सांगत होता. "त्याऐवजी बघा, तुमचा राजा कोपऱ्यात. आता गंमत."

रावजींचा चेहरा उतरला. "म्हंजे मी फुकटात जिंकलो? चार मान्सांत माझा कप खोटा पाडताय? अशा घरात पोरगा द्यायचा का, इचार कराय लागंल."

दारात उभी असलेली क्रांती रडवेली झाली. तिची आई, कोकिळा, नवऱ्याच्या कानाशी वाकली. "हरा की वो. पोरीसाठी हरा."

धर्माजीच्या बोटांत वजीर होता. तो ठेवला की रावजी संपले. त्याने लेकीकडे पाहिलं आणि पेढा तोंडात टाकला.

"माझंच चुकलं, व्याही. डाव तुमचाच."

रावजी खुलले. फरशीवरचं उरलंसुरलं गोळा करून ओटी भरली, अंगठ्या घातल्या गेल्या.

पंगतीत रावजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "खरं सांगू? फायनलला मला घाम फुटला व्हता. यांनी राजाशेजारी वजीर दिला असता, तर मी तो हत्तीनं मारला असता, राजा माझ्याच मोहऱ्यांत कोंडला असता आनि घोड्यानं मात. यांना तवा दिसलं न्हाय. आज तर वजीर हातात व्हता, तो खाऊन टाकला."

पंगत हसली. धर्माजीने तोंड उघडलं. समोर क्रांती होणाऱ्या नवऱ्याच्या पानात जिलबी वाढत होती.

"न्हाय दिसलं," धर्माजी म्हणाला.