जोडखडपाच्या निर्मनुष्य बेटाची हकीकत

ज्याच्या पोटात आमचे अन्न आणि ज्याच्या पाठीवर आमची माणसे, त्या समुद्रास आधी हात जोडिले, मग लेखणी उचलिली. शके सत्राशे तीन, प्लव नाम संवत्सर, कार्तिक वद्य चतुर्दशी, ते दिवशी राज्याच्या सदरेवर जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्याच्या पायास टोचेल त्याने आपले समजावे.

सदर भरली होती आणि मध्यभागी दोन सतरंज्यांएवढा नकाशा पसरला होता आणि कारकून मंडळी भिंतीस चेपून बसली होती, तेव्हां आमच्या शेजारचे विसाजीपंत कारकून तोंडावर उपरणे धरून पुटपुटले जे, "माणसाने पाय कोठे ठेवावा? उजवा सोडला तर पश्चिमेच्या पातशाहीत जातो, डावा सोडला तर दर्यात बुडतो. सकाळपासून मांडी मोडली नाही. आणि एवढा पसारा कशासाठी, तर त्या तिळाएवढ्या ठिपक्यासाठी." आम्ही म्हटले, "हळू बोला, पंत, ठिपक्याचे मालक समोर बसले आहेत." ते म्हणाले, "कोणते? मला तर दोन दिसतात." आणि खरेच दोन होते. एक पश्चिमेच्या पातशाहीचे वकील, एक पूर्वेच्या पातशाहीचे, दोघांस सारख्या उंचीच्या गाद्या, दोघांस सारखे विडे, आणि दोघांची नजर त्या तिळावर.

तो तीळ म्हणजे जोडखडपाचे बेट. दोन काळे खडक पाण्यात शेजारी शेजारी उभे, त्यांच्या मधून जेमतेम एक होडी जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या आत बेट. पूर्वी त्या बेटास कोणी पुसत नव्हते. दुष्काळ पडला तरी तेथे कोणी धान्य पाठविले नाही, साथ आली तरी वैद्य गेला नाही. मग पाच वर्षांमागे मोठ्या गलबतांची जुनी वाट वाळूने भरली आणि गलबतांस नवी वाट पाहिजे जाहली आणि ती वाट या बेटास घासून जाते ऐसे निघाले, तोच आमचे मसलतगार, ज्यांस पडावासारख्या होडीत बसले तरी ओकारी येते, ते उठता बसता "दर्याची किल्ली, दर्याची किल्ली" ऐसे जपू लागले. मग पश्चिमेचे वकील आले आणि म्हणाले जे, पूर्वेपासून तुमचे रक्षण करितो, बेटावर आमच्या गलबतांस नांगर टाकावयास नांगरवाडा द्या. महाराजांनी दिला. मग पूर्वेचे वकील आले आणि म्हणाले जे, पश्चिमेपासून तुमचे रक्षण करितो, बेटावर तोफांस चौथरा द्या. महाराजांनी तोही दिला. दोन तहनामे जाहले, आणि दोहींचे पहिले कलम अक्षरास अक्षर एकच, ते हे की, "सदरहू बेट निर्मनुष्य असे." हे कलम निळोजी चिटणीसांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले आणि महाराजांनी शिक्का केला आणि सर्वांनी माना हलविल्या. त्या दिवशीही मुदपाकात जोडखडपाचीच सुरमई शिजली होती आणि सर्वांनी दोन दोन तुकड्या घेतल्या. ती सुरमई आपली आपण दर्यातून निघून, खवले काढून, पाटावर येऊन निजली ऐसेच मानिले पाहिजे.

आता बेटावरच्या लोकांची एक रीत सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील सर्व अनर्थ तीतूनच जाहला. खडकांमधली वाट पाण्यावरून दिसत नाही, भरतीस दोन्ही खडक बुडून जातात. म्हणून किनाऱ्याच्या टोकावर पूर्वजांनी दगडांचा एक ढीग रचिला आहे, आणि त्याच्या पाठीमागे डोंगरावर एकच ताड आहे. बाहेरून येणारा तांडेल ढीग आणि ताड एका रेषेत धरितो, ताड ढिगाच्या बरोबर डोक्यावर आला की सुकाणू सरळ करितो, आणि होडी दोन खडकांमधून सुखरूप आत येते. नारळी पुनवेच्या आदले दिवशी बेटावरच्या बायका शिंपले भाजून चुना करितात आणि तो ढीग पांढरा करितात, लेकुरवाळ्याही जातात, म्हाताऱ्याही जातात, आणि जिचा पुरुष त्या साली दर्यात राहिला तीही जाते, कारण दुसरीचा यावयाचा असतो. हे सर्व सुभानराव सरखेल यांस ठाऊक. आरमाराचे मुख्य ते, तरुणपणी वादळात सापडले होते तेव्हां याच ढिगाने त्यांस आत आणिले होते.

परंतु दोन पातशाह्यांच्या गलबतांच्या बातम्या येऊ लागल्या आणि महाराजांनी सरखेलांस पुसिले जे, दर्याचा बंदोबस्त काय केला. बंदोबस्त काही केला नव्हता. मग सरखेलांनी घाईने तजवीज काढिली की, शत्रूस वाट सापडू नये म्हणून पांढरा ढीग चाळीस पावले उत्तरेस सरकवावा, म्हणजे जो त्यावर नेम धरून येईल तो खडकावर फुटेल. सदरेने वाहवा केली. खर्च नाही, दारूगोळा नाही, आणि शत्रू आपला आपण मरतो. ढीग सरकविला, ढिगापाशी शिपाई बसविले, बेटावरून होडी बाहेर काढण्यास बंदी केली. त्या समयी बेटाच्या सात होड्या बाहेर मासळीस गेल्या होत्या. त्यांस सांगावा धाडावा ऐसे कोणाच्या मनात आले असेल तर न कळे, पण धाडिला नाही. ज्या बेटावर मनुष्य नाही तेथील होड्यांस सांगावा कोणत्या तोंडाने धाडावा?

मग एकादशीस गोमा कोळी याची होडी परत आली. जाळे फाटले म्हणून रिकामा लवकर फिरला होता. त्याने ढीग पाहिला, ताड पाहिला, बापाने शिकविल्याप्रमाणे एकाखाली एक धरिला आणि भर दुपारी, निवळ उन्हात, घरच्या चुलीचा धूर दिसत असता खडकावर गेला. तिघे माणूस बुडाले. सदरेवर बातमी आली तेव्हां एक म्हणाले दर्याचा कोप, दुसरे म्हणाले पश्चिमेचा घात, तिसरे म्हणाले पूर्वेचा, आणि चौथे म्हणाले की निर्मनुष्य बेटाशी होडी फुटली यात आपला संबंध काय. हे चौथे शहाणे ठरले आणि विषय मिटला.

तो विषय चतुर्दशीस देवडीवर येऊन उभा राहिला. गोमाची थोरली बहीण चांगुणा, पोसू तांडेलाची बायको, शिपायांची नजर चुकवून खाडीच्या अंगाने लहान होडी वल्हवीत, मग चिखल तुडवीत, रात्रंदिवस चालून आली होती आणि देवडीच्या कारकुनापुढे उभी होती. कारकून अर्ज लिहावयास बसले. म्हणाले, "बाई, गाव?"

"जोडखडप."

"ते गाव नव्हे."

"मग मी कुठची?"

"ते तुम्ही सांगावयाचे."

"सांगितला ना, दादा. जोडखडप."

"दफ्तरी त्या बेटावर वस्ती नाही. तुमचा अर्ज घेतला तर दफ्तर खोटे पडते."

"मग दफ्तर घेऊन चला माज्याबरोबर. माजी सासू हाय तिथं, ऐंशी वर्षांची. बोलाया लागली की थांबत नाय. ती नाय म्हनून तिलाच सांगा, तुमची हिंमत बघते."

देवडीवर हशा जाहला आणि त्याचा आवाज सदरेपर्यंत आला. महाराजांनी पुसिले, "बाहेर कोण आहे?" हुजऱ्या जाऊन पाहून आला आणि हात जोडून म्हणाला, "कोणी नाही, महाराज. जोडखडपची बाई आहे." महाराजांनी आत आणविले.

ती आली ती थेट नकाशावर. पाय ठेवावयास दुसरी जागाच नव्हती. गुडघ्यांपर्यंत चिखल, आणि तो चिखल निळ्या रंगविलेल्या दर्यात गळू लागला, तेव्हां पश्चिमेच्या वकिलांनी नाक मुरडले आणि पूर्वेच्या वकिलांनी गादी मागे ओढली. तिने मुजरा केला आणि म्हणाली जे, "महाराज, तुमी ढीग सरकवला. माजा भाव गोमा आंधला नव्हता, ढीग खोटा होता. तो गेला, त्याचं मागाया आले नाय. सहा होड्या अजून बाहेर हायत. मासलीनं भरल्यात, जड हायत, उधाणाबिगर त्यांना आत येता येत नाय. उद्या अवस. दुपारच्या भरतीला येतील, पुढच्या होडीत माजा धनी पोसू. आमी ढिगापाशी गेलो तर शिपाई भाले दावतात. आज तिसऱ्या प्रहराआत स्वार सुटला तर सकाली पोचतो. ढीग होता तिथं ठेवा. मला दुसरा काय नको."

एवढी साधी गोष्ट. दगडांचा ढीग, चाळीस पावले. चार गडी अर्ध्या दिवसात करतील. परंतु आमच्या सदरेची बुद्धी साध्या गोष्टीपाशी अडते. सरखेल म्हणाले, "ढीग पूर्ववत केला तर शत्रू आत येईल." महाराज म्हणाले, "कोणता शत्रू?" सरखेलांनी तोंड उघडिले आणि मिटिले, कारण दोन्ही उत्तरे समोर गाद्यांवर बसून विडा चघळीत होती. मग एक मसलतगार म्हणाले, ढीग मागे न्यावा पण देवस्थान म्हणून न्यावा. दुसरे म्हणाले, देव कोणता ते आधी ठरवावे लागेल. तिसरे म्हणाले, समुद्रपक्ष्यांस बसावयास म्हणून न्यावा, पक्ष्यांविषयी तहात काही लिहिले नाही. चौथे, तेच शहाणे, म्हणाले की बेटावर मनुष्य आहे किंवा कसे याची चौकशी बसवावी, चैत्रापर्यंत अहवाल येईल. चांगुणा म्हणाली, "चैत्रापर्यंत मी विधवा व्हऊन चार महिने जातील, आजोबा." त्यांस आजोबा म्हटल्याचा राग आला, विधवेचे काही वाटले नाही. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहितो, नाहीतर लिहिले नसते.

मग पश्चिमेचे वकील दुभाष्याकडे वळून बोलिले आणि दुभाष्याने सांगितले जे, "वकीलसाहेब पुसतात, ढीग पूर्ववत करावयाचा तो कोणासाठी? तहनाम्यात बेट निर्मनुष्य आहे. माणसे निघाली तर कलम खोटे, आणि कलम खोटे तर तह खोटा." तोच पूर्वेचे वकील म्हणाले, "आमचेही हेच पुसणे आहे." पाच वर्षांत दोन पातशाह्यांचे एकमत जाहले ते या एका गोष्टीवर. आणि त्यात धमकीही होती, ती कोणास दुभाष्याने सांगावी लागली नाही. दोघांचीही गलबते बाहेर उभी होती.

मग महाराजांनी सदरेवर नजर फिरविली आणि तेच पुसिले, "कोणासाठी?" जो तो नकाशाकडे पाहू लागला, जसे उत्तर तेथे लिहिले आहे. सरखेल तलवारीच्या मुठीचा गोंडा सोडवू लागले, तो गुंतला नव्हता. बाहेर दुसरा प्रहर संपल्याची घटका वाजली. चांगुणा प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत पाहत निळोजी चिटणीसांपाशी थांबली आणि आवाज न चढविता म्हणाली, "निलोजीबाबा, तुमी आलाव होतव आमच्याकडं. तहाच्या आधी. होडीत तुमाला भोवळ आली म्हनून माज्या सासूनं पेज पाजली. डोकं तिच्या मांडीवर होता तुमचा."

चिटणीसांनी लेखणी ठेविली. ती घरंगळून नकाशावर गेली आणि कोणी उचलिली नाही. ते उठून उभे राहिले. गुडघ्यांचे दुखणे त्यांस फार, सदरेवर ते कधी उठत नसत, बसूनच बोलण्याची त्यांस परवानगी होती. म्हणाले:

"महाराज, निर्मनुष्य हा शब्द माझ्या हातचा आहे. बेटावर एकेचाळीस घरे आहेत, मी एक एक दार पाहून आलो होतो. घरे आहेत ऐसे लिहिले असते तर त्यांस पुसावे लागले असते, आणि त्यांनी नाही म्हटले असते. येथे बसलेल्या प्रत्येकास हे ठाऊक होते, आपणांसही होते. म्हणून आपण सर्वांनी मिळून त्यांस कागदावर आधी मारिले. गोमा कोळी पातशाहीने मारिला नाही, दर्यानेही नाही. आम्ही मारिला. ढीग त्याच्या पाठच्या सहा होड्यांसाठी मागे न्यावयाचा आहे."

महाराजांनी हुकूम केला आणि स्वार तिसऱ्या प्रहराआत सुटला. अवसेच्या दुपारी सहा होड्या आत आल्या, पुढे पोसू तांडेल. दोन्ही वकील आपापले कागद गुंडाळून गेले, त्यांची गलबते अजून बाहेर उभी आहेत आणि ठिपक्याचे काय होईल ते आम्हांस सांगता येत नाही. निळोजींचे चिटणीसपण काढिले, सरखेलांचे राहिले. बेटाची एकेचाळीस घरे दफ्तरी चढली. त्यांत गोमा कोळ्याच्या घरापुढे नव्या चिटणीसाने "पुरुष नाही" इतकेच लिहिले आहे, का नाही ते लिहिले नाही, म्हणून ते आम्ही येथे लिहिले.