कपाटातलं रेकॉर्डिंग

आवाज घरीच रेकॉर्ड करायचा, असं मी ठरवलं. एवढंच. यात कुणाचं काय बिघडणार होतं?

मी पुष्कर, मोशन ग्राफिक्स डिझायनर. (म्हणजे काय, ते सासऱ्यांना चार वर्षं समजावतोय. ते लोकांना 'जावई कार्टूनमध्ये आहेत' असं सांगतात.) बायकोला, वल्लरीला, युट्रेख्ट या डच शहरातल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. तिच्या मागोमाग मीही आलो आणि एका छोट्या स्टुडिओत चिकटलो. पहिला महिना चाचणीचा. पहिलंच काम होतं एका गृहसंस्थेसाठी: कचरा वेगळा कसा करावा, यावर एक मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म. खरा आवाज एक डच बाई नंतर देणार होत्या. तोवर अंदाजासाठी कुणाचा तरी हवा होता. म्हटलं, आपलाच देऊ.

आमच्या घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. जाड कोट असले की आवाज घुमत नाही. मी मांडी घालून आत बसलो, दार ओढून घेतलं, माइक चालू केला आणि खर्जात म्हणालो, "डिअर रेसिडेंट्स..."

तेवढ्यात वल्लरी घरी आली आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

"पुष्कर! अरे, केळ्याची साल प्लॅस्टिकच्या डब्यात कुणी टाकली?"

मी कोटांमागे आणखी सरकलो. (दिवसभर याच विषयावर फिल्म करणाऱ्या माणसाने काय उत्तर द्यायचं?)

"आणि दुधाचा खोका कागदात? कागद आहे का तो? कितीदा सांगू? खालच्या आजी मला बघून मान हलवतात! शिकलेला माणूस ना तू?"

मग कोट अडकवायला तिने कपाट उघडलं आणि आत मला बघून जी किंकाळी फोडली, ती माइकने अत्यंत स्वच्छ टिपली.

दहा मिनिटांनी घर शांत झाल्यावर मी पुन्हा नीट रेकॉर्ड केलं, फिल्मला जोडलं आणि पाठवून दिलं. फक्त जोडताना फाइल चुकली.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, क्लायंटसमोर, भिंतीएवढ्या स्क्रीनवर. माझी बॉस मारायका, गृहसंस्थेचे उंचच उंच हेंड्रिक आणि त्यांची सहकारी कीर्ती, असे तिघे बसले होते. स्क्रीनवर केळ्याची साल डुलत डुलत चालली होती आणि मागून माझी बायको गरजत होती. मी लॅपटॉपकडे धावलो, तर वायरीत पाय अडकून आडवा झालो. शेवटची किंकाळी मी जमिनीवरून ऐकली.

"ही कुठली भाषा?" हेंड्रिकनी विचारलं.

"मराठी," मी खालूनच म्हणालो. "रहिवाशांना प्रेमाने आवाहन केलंय."

कीर्ती इतका वेळ तोंडावर हात धरून बसली होती. ती म्हणाली, "माझे आईबाबा नाशिकचे आहेत. मला सगळं कळलं." आणि तिने 'शिकलेला माणूस ना तू?' यासकट अख्खं भाषण डचमध्ये सांगितलं.

मी मनात बॅगा भरायला घेतल्या.

हेंड्रिकनी टेबलावर थाप मारली. "आमच्या घरी हेच चालतं! दर मंगळवारी, कचऱ्याची गाडी येते तेव्हा! मारायका, आम्हाला ही बाईच हवी. तिला इंग्लिश येतं?"

"इंग्लिशमध्ये ती अजून भयंकर बोलते," मी म्हणालो.

"उत्तम! आणि फिल्ममध्ये तिचा एक नवरा पाहिजे. जरा बावळट."

मारायकाने माझ्याकडे पाहिलं, हेंड्रिकनी पाहिलं. कीर्तीने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

नोकरी राहिली. वल्लरीला आवाजाचं काम मिळालं आणि मी आठवडाभर बसून नवऱ्याची बारा चित्रं काढली. मारायकाला एकही पटेना. "यात जीव नाही," ती म्हणाली. (डच माणूस मत विचारण्याची वाट बघत नाही.) शेवटी फिल्मचे सगळे कागद मी घरी आणून वल्लरीपुढे पसरले.

तिने एकेक बाजूला सारला आणि तळाचा एक कागद उचलला. तिचा चेहरा उजळला.

"हा बघ! हा काढलास खरा! ते मिचमिचे डोळे, तो उघडा जबडा... अरे, हुबेहूब तू!"

"वल्लरी," मी म्हणालो, "तो कचऱ्याचा डबा आहे."