सहा मीटर चाळीसची वायर

टीव्हीचा आवाज वाढवला की पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा दिसतो. दिवाळीत मी अकोटला गेले तेव्हा बाबांचा आकडा अठ्ठेचाळीस होता. संक्रांतीला तो पंचावन्न झाला. मे महिन्याच्या सुट्टीत मी बॅग खाली ठेवली तेव्हा पडद्यावर एकाहत्तर होते, आणि बातम्या सांगणारी बाई बस स्टँडवरूनच ऐकू येत होती. टीव्हीत शंभराच्या पुढे आकडा नाही. या वेगाने माझ्या हिशेबाने आमच्याकडे सात-आठ महिने उरले होते.

माझे बाबा, देवमन, चौतीस वर्षे जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या चोवीस यंत्रांच्या मधोमध उभे राहून त्यांनी नोकरी केली आणि कान तिथेच ठेवून निवृत्त झाले. अकोल्याला कान दाखवायचे चार वर्षांपासून ठरलेले आहे. ऊन उतरू दे. पाणी पडू दे. बुद्धपौर्णिमा होऊ दे. चार पौर्णिमा झाल्या. मागच्या वर्षी त्यांनी संध्याकाळी विहारात जाणे सोडले. या वर्षी माझा भाऊ अनुप याचा फोन आला की ते तो आईच्या हातात देऊ लागले. फोनवर त्यांची पाच वर्षांची नात असते.

यावर अनुपने उपाय काढला. त्याने पुण्याहून होम थिएटर पाठवले. पाच लहान स्पीकर आणि धान्याच्या कोठीएवढा एक सबवूफर.

"जोडायला माणूस बोलावू का?" त्याने फोनवर विचारले.

"गरज नाही," मी म्हणाले. "मी अमरावतीच्या कॉलेजात सोळा वर्षे भौतिकशास्त्र शिकवते. एक वायर निवडता येणार नाही का मला?"

हे वाक्य मला नंतर बऱ्याचदा आठवले.

खोक्यात आलेली सबवूफरची वायर दीड मीटरची होती. सबवूफरला जागा मात्र एकच होती, दिवाणाशेजारी, कारण बाकी सगळीकडे आईची, म्हणजे मनकर्णाबाईंची, काही ना काही मांडणी होती. मी टेप लावून भिंतीच्या कडेने मोजले. सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. वहीत लिहिले, तोंडाला दुपट्टा बांधला आणि अकोल्याची एसटी पकडली. तापमान पंचेचाळीस होते.

अकोल्याच्या दुकानात जीवन नावाचा गृहस्थ होता. त्याने माझ्यापुढे अंगठ्याएवढी जाड जांभळी वायर ठेवली.

"सबवूफरले हेच लागते, मॅडम. जितकी जाड, तितका बास."

मी त्याला समजावले की या वायरमधून वीज नाही, नुसता सिग्नल जातो. तिला जाडीची नाही, बाहेरून तारेच्या चांगल्या जाळीची गरज असते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तुमी म्हनता ते खरं असन," तो म्हणाला. "पन गिऱ्हाईक जाडच नेते."

मी बारीक घेतली. घरी येऊन जोडली. बटण दाबले.

घूंऽऽ.

न थांबणारा, खालच्या पट्टीतला आवाज. आईने आधी पडद्यामागे भुंगा शोधला. मग भिंतीपलीकडून वामनराव धावत आले. ते वांगी आणि मिरची पिकवतात. त्यांच्या अंगणात टाकीची मोटर आहे.

"ताई, माही मोटर कोरडी चालून राहिली का? पाहतो त बटन बंद!"

"तुमची नाही, काका. आमचा सबवूफर आहे."

"मंग बंद करा ना. जळून जाईन."

दिवाणावर बसलेले बाबा सगळ्यांकडे पाहून हसत होते. त्यांना फक्त तोंडे हलताना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेले. मी पायरी चढायच्या आतच जीवनने जांभळी वायर काढून ठेवली, आणि ते मला फार लागले. मी ती घेतली. घरी जोडली. घूंऽऽ. वामनरावांनी जाऊन मोटरचे बटण पुन्हा पाहिले. "सवय झाली न," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेला जीवनला माझी दया आली.

"मॅडम, मागं दोन भोकं हायेत ना? एकातच घालता तुमी. हे घ्या, एकाची दोन करनारी पिन. दोन्ही भोकं भरा."

शास्त्राप्रमाणे यामुळे सबवूफरचा आवाज वाढतो. शास्त्र बरोबर निघाले. घूंसुद्धा वाढली. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलची बारा ताटे उभी होती. ती आधी किणकिणली, मग हळूहळू कडेकडे सरकू लागली, आणि शेवटी एकामागून एक खाली आली. सगळ्यात शेवटचे ताट जमिनीवर बराच वेळ गोल फिरत राहिले. आम्ही तिघे ते थांबेपर्यंत उभे होतो. तिसरे वामनराव. ते आता बोलावल्याशिवायच येत.

"सोळा वर्सं काय शिकवते व माय तू पोरायले?" आईने विचारले. तिचा आवाज शांत होता, म्हणून जास्त वाईट वाटले.

तेव्हा बाबा उठले. अनवाणी दोन पावले चालले आणि थांबून त्यांनी खाली फरशीकडे पाहिले. मग सबवूफरवर तळहात ठेवला, आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. खिडकीतल्या कूलरकडे पाहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची कळशी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

"अवो, ते प्याचं पानी हाय," आई मागे धावली. "नळ परवा येनार हाये!"

मागच्या भिंतीशी जमिनीतून लोखंडी पाइपाचे टोक वर आलेले आहे. घराची अर्थिंग. भोवतालची काळी माती इतकी सुकली होती की भेगांत बोट जाईल. बाबांनी तिथे कळशी ओतली. माती ते पाणी घटाघटा प्यायली. मग त्यांनी कूलरखालची बादली आणून ओतली. मग ते उकिडवे बसून वाट पाहू लागले.

आत घूं हळूहळू उतरत गेली आणि पाचेक मिनिटांत थांबली. कूलरचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"बंद झाली का मोटर?" वामनराव म्हणाले.

आता मला कबूल केले पाहिजे. कूलरमधून थोडी वीज झिरपत होती. ती अर्थिंगवाटे जमिनीत जायची, पण माती सुकल्यामुळे वाट बंद झाली होती. म्हणून ती सबवूफरमध्ये शिरून, माझ्या वायरच्या जाळीतून, टीव्हीतून, गच्चीवरच्या डिशच्या छत्रीच्या खांबापर्यंत फिरून जात होती. मी निवडलेल्या तिन्ही गोष्टींनी तिला उत्तम रस्ता करून दिला होता. आणि माती का सुकली? आई वीस वर्षे त्या पाइपाजवळच भांडी घासायची. पाइपाशी ओल राहावी म्हणून बाबांनीच तिला तिथे दगड टाकून दिला होता. दिवाळीत मी स्वयंपाकघरात सिंक बसवून दिले आणि सगळ्यांना अभिमानाने दाखवले. बाबांना मात्र कोणी काही विचारले नव्हते. त्यांना विचारायचे म्हणजे ओरडावे लागते, म्हणून आम्ही हळूहळू विचारणेच सोडले होते.

मी वही उघडली आणि सहा मीटर चाळीसच्या खाली लिहिले: 'तुम्हाला माहीत होते तर आधी का नाही सांगितले?'

त्यांनी वही लांब धरून वाचले.

"कोनी इचारलं?" ते म्हणाले. "अन् मले काय मालूम घूं होऊन राहिली म्हनून. मले वाटलं, तुमी गप्पा करून राहिले. ताटं पडले तवा पायाले समजलं."

आईने ताटे उचलायचे थांबवून पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, धूळ गेली.

मी टीव्ही लावला. आकडा तिसावर ठेवला. सहा स्पीकरांतून बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज इतका स्वच्छ आला की तिने घेतलेला श्वासही ऐकू येत होता. वामनरावांनी मान डोलावली. बाबा पुढे झुकून बसले. ते बाईच्या ओठांकडे पाहत होते.

"चालू झाला?" त्यांनी विचारले.

आईने होकाराची मान हलवली.

बाबांनी रिमोट घेतला. चाळीस. साठ. एकाहत्तर. खिडकीची काच थरथरली. मला तेव्हा वर्गात दर वर्षी काढते ती आकृती आठवली. गोंगाटाने कानातले वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, शब्द त्यांच्यामुळेच ओळखू येतात. जाड, खालचे आवाज उरतात. सबवूफर फक्त खालचे आवाज देतो. त्यांच्याकडे जे थोडेफार शिल्लक होते तेच आणून देण्यासाठी मी तीनदा अकोल्याला गेले होते. ती आकृती परीक्षेत पाच गुणांना येते.

बाबांनी टीव्ही बंद केला. जिनिंगमध्ये यंत्र अडले की ते एकेक पुर्जा तपासून बाजूला ठेवत. जो शेवटी उरेल तो बिघडलेला. आता त्यांनी तसेच बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"वायर चांगली हाय. डबा चांगला हाय. टीवी चांगला हाय. अर्थिंग वली झाली." चार बोटे मिटली. अंगठा उरला. तो त्यांनी कानाला लावला आणि वामनरावांच्या पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता ह्योच एक पुर्जा उरला. सकाळच्या गाडीनं अकोल्याले जाऊ, बाई. कान दाखवतो."