वीस वर्षे फिरतीवर असलेले पिस्तूल

ऑर्व्हल स्टिडम शुक्रवारी दुपारी तांब्याची भलीमोठी कढई डोक्यावर टोपीसारखी घालून घरात शिरला, तेव्हा त्याच्या बायकोला, ओझेलाला, आनंदाने भरून आले. बारा वर्षे ती अशा कढईच्या मागे होती. परसातली सफरचंदे लाल होऊन खाली पडायला लागली होती, आणि सफरचंदांचा मुरांबा करावा तर तो तांब्याच्याच कढईत, यावर आमच्या टर्नहोलच्या खोऱ्यातल्या समस्त बायकांचे एकमत आहे. ओझेलाने कढईवर दोन टिचक्या मारून पाहिल्या, आवाज पसंत केला, आणि मग सहज विचारले, की आणलीस कुणाकडून?

"व्हर्डीबाईंकडून."

"आणि दिलंस काय?"

ऑर्व्हल खिडकीतून बाहेर कोंबड्या मोजू लागला. "ते छोटं पिस्तूल."

ओझेलाची तिसरी टिचकी हवेतच राहिली.

आता हे छोटे पिस्तूल म्हणजे काय प्रकरण होते ते सांगायला हवे. केंटकीच्या आमच्या डोंगरात पेंडीच्या दुकानामागे दर शुक्रवारी अदलाबदलीचा अड्डा भरतो. तिथे काहीही बदलून मिळते. पण सगळ्यात जास्त हात बदलतात ती खिशात मावणारी जुनी पिस्तुले. कारण एक तर ती खिशात मावतात, आणि दुसरे म्हणजे घरी विचारावे लागत नाही. अड्ड्याचा नियम एकच. देणाऱ्याने वस्तू चांगली म्हणायची, घेणाऱ्याने काही विचारायचे नाही, आणि दिले म्हणजे दिले. जो सौदा मोडतो त्याला दुकानामागच्या बाकावर मरेपर्यंत जागा नाही.

त्यातलेच हे एक. तळहाताएवढे, मुलामा उडालेले, मुठीवर नकली मोती आणि त्या मोत्याला तडा. त्याचा चाप ओढला की 'खट्' असा आवाज होई आणि पिस्तूल गप्प बसे. ज्याच्या घरी जाई त्याला पहिल्याच दिवशी हे कळे, आणि पुढच्या शुक्रवारी तो संताच्या चेहऱ्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात मारी. अशी वीस वर्षे ते फिरतीवर होते. एस्टिल फुगेटकडे पाचदा, होबार्ट नेपियरकडे तीनदा, ऑर्व्हलकडे चारदा. एकदा ते अर्ध्या डुकरावर गेले, एकदा खोगिरावर, आणि एकदा तर दातांच्या कवळीवर. कवळी घेणाऱ्याला ती बसली नाही, पण दिले म्हणजे दिले. वर्षभर तो माणूस दुसऱ्याच्या दातांनी हसत होता.

यात कुणाचे काही बिघडले नव्हते, कारण सगळ्यांना सगळे ठाऊक होते. त्या शुक्रवारी मात्र अड्ड्यावर व्हर्डीबाई आल्या.

बाई ब्याऐंशी वर्षांच्या. ऑर्व्हल, होबार्ट, एस्टिल ही तिन्ही कार्टी त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकलेली, आणि त्यांच्याच हातून मार खाल्लेली. कार्टी आता पासष्टीच्या पुढे गेली होती, एवढाच फरक. बाई खोऱ्याच्या टोकाला एकट्या राहत. गेले पंधरा दिवस एक अस्वल त्यांच्या खुराड्यावर डोळा ठेवून होते. नवऱ्याच्या जुन्या बंदुकीचा दणका आता त्यांच्या खांद्याला सोसत नव्हता. नुसता मोठा आवाज झाला तरी अस्वल पळते, तेव्हा हाताला हलके असे काहीतरी त्यांना हवे होते. आणि त्या आठवड्यात ते पिस्तूल ऑर्व्हलच्या खिशात होते.

"ओढ्याकाठी परवाच बारा गोळ्या झाडल्या बाई," ऑर्व्हल म्हणाला होता. "एक अडकली नाही. शपथेवर सांगतो. साफसूफ करूनच आणलंय."

हे सगळे ओझेलाने काढून घेतले आणि मग ती खुर्चीत बसली.

"म्हणजे अस्वल येणार, बाई चाप ओढणार आणि खट् होणार," ती म्हणाली. "मग बाईंच्या शवपेटीला खांदा देताना हे बारा गोळ्यांचं तू सांगशील का मी सांगू?"

ओझेलाचे म्हणणे सरळ होते: जा आणि खरे सांग. पण ऑर्व्हल चौथीत असताना त्याने घरचा अभ्यास गायीने चाटून पुसला असे बाईंना सांगितले होते, आणि आज सत्तावन्न वर्षांनंतरही दर नाताळला बाई त्या गायीची विचारपूस करीत. अशा बाईसमोर उभे राहून, मी तुम्हाला बिघडलेले पिस्तूल चांगले म्हणून दिले, हे बोलायचे म्हणजे अस्वल परवडले. शिवाय सौदा मोडला म्हणून बाक जाणार तो वेगळाच. त्याने ठरवले, मोडायचा नाही. उलटा सौदा करायचा. कढई देऊन पिस्तूल परत घ्यायचे. बाई जिवंत राहतील, बाकही राहील.

शनिवारी सकाळी तो कढई पाठीवर बांधून डोंगर चढला. कढईवर भागले नाही तर असावी म्हणून आपली झाडे कापायची मोटरची करवतही त्याने घेतली. बाई ओसरीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पिस्तूल त्यांनी कमरेला बांधलेल्या एप्रनच्या खिशात होते. मोत्याची मूठ बाहेर डोकावत होती.

ऑर्व्हलने सांगितले, की कढई ओझेलाला जरा मोठी होते.

"मुरांबा कमी कर म्हणावं," बाई म्हणाल्या. "दिलं म्हणजे दिलं. नियम माझा नाही, तुमचा."

मग ऑर्व्हलने करवत पुढे केली. बाईंचा शेंगेवरचा हात थांबला. त्यांनी करवतीकडे पाहिले, कढईकडे पाहिले, आणि मूठ खिशात जरा आत ढकलली.

तेवढ्यात होबार्ट आला. त्याच्या काखेत शिकारी जातीचे कुत्र्याचे पिल्लू होते. पिस्तूल ऑर्व्हलला त्यानेच दिलेले. बाईंकडे गेल्याचे त्याला पेंडीच्या दुकानात कळले आणि त्याचा नाश्ता तसाच राहिला. आपण सहज इकडून चाललो होतो, असे तो म्हणाला. खोऱ्याच्या टोकाला रस्ता संपतो. तिथून सहज कुणी कुठे जात नाही. पाठोपाठ खांद्यावर धुरावलेली डुकराची अख्खी मांडी टाकून एस्टिल आला. होबार्टला पिस्तूल त्याने दिले होते. तोही सहजच चालला होता.

तिघे पायरीवर ओळीने बसले, वर्गात बसत तसे. बाईंनी मक्याचा पाव आणि ताक दिले. मग होबार्टने पिल्लाचे गुण सांगून पिस्तुलाची गोष्ट काढली. एस्टिलने मांडीचे. तिघांनाही बाईंचा जीव वाचवायचा होता यात शंका नाही. पण एस्टिलची नजर पायरीशी ठेवलेल्या करवतीवर गेली आणि त्याच्या पश्चात्तापात थोडा संशय मिसळला. त्याने ऑर्व्हलला कोपराने ढोसले.

"खरं सांग लेका, काय आहे त्या पिस्तुलात?"

"काही नाही."

"काही नसलेल्या वस्तूला करवत कोण देतं?"

ऑर्व्हलने जीव तोडून सांगितले, की खरेच काही नाही. पण वीस वर्षे एकमेकांपुढे खोट्या शपथा घेणाऱ्यांत कुणाच्या शब्दाला काय किंमत असणार? एस्टिलने मांडीवर एक कालवड चढवली. मग होबार्टलाही वाटू लागले, की लुइव्हिल शहरातल्या जुन्या पिस्तुलांच्या कुणा शौकिनाने ऑर्व्हलच्या कानात काहीतरी सांगितलेले दिसते. त्याने पिल्लाबरोबर लोखंडी शेगडी देऊ केली. घाबरून ऑर्व्हल दोन गाड्या सरपणावर गेला, आणि तरी बाई बधेनात, तेव्हा हिवाळ्याआधी त्यांचे सगळे छप्पर नवे घालून देतो म्हणाला.

"एवढं भारी असेल असं वाटलं नव्हतं मला," बाई म्हणाल्या आणि पिस्तूल दुसऱ्या, बटण असलेल्या खिशात टाकून त्यांनी बटण लावले. "आता तर मी मुळीच देत नाही."

खुराड्यात गलका झाला तो नेमका या वेळी. सगळ्यांनी माना वळवल्या. अस्वल कुंपणाची फळी मोडून आत आले होते आणि भर उन्हात, जावई पाटावर बसावा तसे खुराड्यासमोर ऐसपैस बसले होते.

बाई उठल्या. बटण काढले, पिस्तूल हातात घेतले आणि पायऱ्या उतरू लागल्या. ऑर्व्हलला कधी नव्हे ते काय झाले कोण जाणे. त्याने कढई उचलली, छातीशी ढालीसारखी धरली आणि धावत जाऊन बाई आणि अस्वल यांच्या मधोमध उभा राहिला.

"बाई, मागे व्हा. उडत नाही ते. मी खोटं बोललो. ओढ्यावर मी गेलोच नव्हतो. होबार्ट माझ्याशी खोटं बोलला, त्याच्याशी एस्टिल बोलला. वीस वर्षांत एक गोळी सुटली नाही त्यातून. तुम्ही घरात जा, मी बघतो याच्याकडे."

अस्वलाने त्याच्याकडे पाहिले. ऑर्व्हलने कढई नाकापर्यंत वर घेतली.

"ऑर्व्हल," बाई शांतपणे म्हणाल्या, "बाजूला सर. नळीसमोर उभा आहेस."

तो सरला, का पाय गेले म्हणून बसला, हे नक्की सांगता येत नाही. बाईंनी हात वर केला आणि पलीकडच्या उघड्या दरडीत लागोपाठ सहा गोळ्या झाडल्या. धाड, धाड, धाड, एका मापाच्या. एकही अडकली नाही. अस्वल उठले ते कुंपण घेऊनच उठले. टेनेसीच्या हद्दीत हल्ली एक अस्वल दिसते, आणि कुणी दार आपटले तरी झाडावर चढते, असे म्हणतात. होबार्टचे शिकारी पिल्लू ओसरीखाली शिरले होते आणि एस्टिल पिल्लाच्या मागोमाग.

धूर विरला. बाईंनी पिस्तूल खिशात ठेवून बटण लावले.

"उडतं की," त्या म्हणाल्या.

ऑर्व्हलने कढईमागून डोके वर काढले.

बाईंनी घरातून एक बशी आणली आणि पायरीवर ठेवली. काल दुपारी पिस्तूल उघडले तेव्हा आतून हे निघाले, असे त्यांनी सांगितले. बशीत चिमूटभर तंबाखू होती, कुत्र्याचे केस होते, खिशातल्या धाग्याधोग्यांचा बोरासारखा गोळा होता आणि त्याला चिकटलेली अर्धी चोखलेली पेपरमिंटची गोळी होती. तंबाखू ऑर्व्हल खाई. कुत्री होबार्टची. पेपरमिंटशिवाय एस्टिलचे पान हलत नसे. कुणी कुणाकडे पाहिले नाही.

"पुसलं आणि दोन थेंब तेल घातलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे साफ करूनच देत होता म्हणे."

आपल्याकडे जे आठवडाभरच राहायचे ते कोण पुसत बसणार, असे एस्टिल ओसरीखालून काहीतरी पुटपुटला. बाईंनी निकाल दिला. मांडी इथेच राहील, सरपण सोमवारी येईल, छप्पर त्यानंतर. आणि हा सौदा नाही, ही शिक्षा आहे. तिघांनी माना हलवल्या. खरे सांगायचे तर तिघांनाही इतके हलके वाटत होते, की बाईंनी पाटीवर शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या तरी त्यांनी लिहिल्या असत्या.

होबार्ट आणि एस्टिल पुढे गेले. ऑर्व्हल मागे रेंगाळला. त्याने कढई बाईंपुढे ठेवली आणि टोपी काढली.

"ही तरी ठेवा बाई. नाहीतर मला झोप यायची नाही. तुमच्यासारख्या बाईला फसवलं मी."

"उचल ती. दिलं म्हणजे दिलं." बाईंनी शेंगांचे टोपले पुन्हा मांडीवर घेतले आणि जरा आवाज खाली आणला. "आणि तुझं तोंड असं सुतकी ठेवू नकोस. तिच्या बुडाला भोक आहे. मेण भरून वरून घासलंय मी. पहिल्या चटक्याला वितळेल."

ऑर्व्हलने कढई उलटी करून बुडावरून बोट फिरवले.

"तू विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या, "मी सांगितलं नाही."

ऑर्व्हलच्या पोटातून हसू असे काही उसळले, की त्याला पायरीवर बसावे लागले. कालपासून ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला फसवल्याचे ओझे तो वाहत होता, आणि म्हातारीनेच त्याला फसवले होते. आपल्याला कुणी फसवले याचा एवढा आनंद खोऱ्यात आजवर कुणालाही झाला नसेल. कढई पाठीवर टाकून आणि करवत उचलून तो शीळ घालत उतरला.

पहिल्या वळणावर होबार्ट त्याची वाट पाहत उभा होता. काखेतले पिल्लू अजून पानासारखे थरथरत होते. होबार्टने कढईकडे पाहिले, आपल्या बायकोच्या झाडालाही सफरचंदे फार लागली आहेत असे म्हणाला, आणि पिल्लू पुढे केले.

"शिकारीला वाघ आहे गड्या. बंदुकीच्या आवाजाला तर अजिबात भीत नाही."

ऑर्व्हलने पिल्लाचे कान पाहिले, दात पाहिले. पिल्लाने त्याच्या बाहीत तोंड लपवले. ओझेलाला सांजच्याला पायाशी बसायला असे काहीतरी हवेच होते, असे त्याला वाटून गेले.

"आणि ही," तो कढई उतरवत म्हणाला, "थेंब गळेल तर शपथ."

दोघांनी हात मिळवले. कुणी कुणाला काही विचारले नाही.